सीलबंद पाकिटातलं जुनं रेड कार्ड: जळगावात मला कसं फसवलं

होम सर्व्हरसाठी रेड कार्ड, म्हणजे अनेक हार्डडिस्क एकत्र जोडून चालवणारं कार्ड, घ्यायच्या विचारात असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. जळगावच्या एका दुकानदाराने सर्व्हरमधून काढलेलं जुनं कार्ड मला 'सीलबंद, यंदाचा माल, बॅटरीसकट' म्हणून विकलं. कार्ड नकली नव्हतं. "अस्सल आहे ना ते बघून घ्या" एवढाच सल्ला जो तो देतो, आणि त्या परीक्षेत हे कार्ड बिनघोर पास होतं. लबाडी सेटिंगमध्ये होती.

मी अमळनेरला लग्नाचे व्हिडिओ करतो. घरच्याच सर्व्हरवर चार हार्डडिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचतो अशी मांडणी) लावून एडिटिंग चालतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास कामाला ऊत येतो आणि नेमकं तेव्हाच वादळ सुटतं. तिकडे रावेर-यावलला केळी आडवी होते, इकडे तारा पडतात. इन्व्हर्टर आहे, पण तो रात्रभर पुरत नाही. बॅटरीवालं कार्ड हवं होतं ते यासाठीच, आणि दुकानदाराला मी हे पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. "मग तर हेच घ्या भाऊ, लाइट गेली तरी दोन दिवस डेटा बॅटरीवर राहतो," हे त्याचं उत्तर.

कार्ड होतं एलएसआयचं मेगारेड ९२६०-८आय. त्यावर स्वतःची ५१२ एमबी मेमरी असते. फाइल आली की कार्ड ती आधी मेमरीत घेतं, संगणकाला 'लिहून झालं' म्हणतं आणि मग सवडीने डिस्कवर उतरवतं. हे राइट-बॅक, वेग मिळतो तो याचाच. मधेच वीज गेली तर मेमरीतलं सांभाळायला कार्डाच्या अंगावर लिथियम बॅटरी बसवलेली असते. ती खराब झाली की कार्ड आपणहून राइट-थ्रूवर येतं. मग सगळं थेट डिस्कवर लिहिलं जातं. काम रखडतं, पण डेटा शाबूत राहतो. शिवाय मशीन सुरू होताना स्क्रीनवर इशारा येतो की बॅटरी नाही किंवा निकामी आहे.

म्हणजे मेलेली बॅटरी लपत नाही. ती लपवावी लागते. दुकानदाराच्या कारागिराने दुकानातच कार्ड बसवून दिलं तेव्हा दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या. त्या इशाऱ्यातच लिहिलेलं असतं की 'डी' दाबलं तर हा इशारा पुन्हा दिसणार नाही. तो दाबला होता. आणि राइट पॉलिसी 'ऑल्वेज राइट-बॅक'वर टाकली होती, म्हणजे बॅटरी असो नसो, मेमरीतूनच लिही. मग माझ्यासमोर मोठी व्हिडिओ फाइल कॉपी करून दाखवली. वेग झकास. दिसणारच!

मे महिन्यात एका रात्री वादळात लाइट गेली, पहाटेकडे इन्व्हर्टरही बसला. सकाळी मशीन चालू केलं तर व्हॉल्यूम, म्हणजे चारही डिस्क मिळून झालेला ड्राइव्ह, विंडोजमध्ये 'रॉ' दिसू लागला, म्हणजे त्यातली फाइलींची मांडणी विंडोजला ओळखता येईना. मूळ चित्रीकरण दुसऱ्या डिस्कवर होतं म्हणून वाचलो, पण एडिटिंगच्या प्रोजेक्ट फाइल गेल्या. काही परत आल्या त्या शून्य केबीच्या. वऱ्हाडी मंडळींना रेड पॉलिसी काय सांगणार?

धुळ्याचा एक मित्र सर्व्हरचीच कामं करतो. त्याने मेगारेडची तपासणीची आज्ञा चालवली आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "भाऊ, हाई बॅटरी ते मरेल शे" (अहिराणीत, ही बॅटरी तर मेलेली आहे). बॅटरीच्या माहितीत निर्मितीची तारीख असते. ती होती २०११ सालची. त्याहून मजा पुढे आहे. हे कार्ड घडलेल्या घटनांची नोंदवही स्वतःच्या पोटात ठेवतं. पाकीट नवं घातलं, स्टिकर पुसलं, पण ती वही कोरी करायचं कारागीर विसरला. माझ्या खरेदीच्या कितीतरी आधीच्या तारखांना 'बॅटरी बदला' असा इशारा त्यात पुन्हा पुन्हा नोंदलेला. एलएसआय ही कंपनीच २०१४ साली अवागोने घेतली, अवागो पुढे ब्रॉडकॉम झाली. आणि हा म्हणे यंदाचा माल.

दुकानदाराकडे गेलो तर उत्तर तयार होतं: "तुमच्याकडचा उन्हाळा बघा ना भाऊ. पंचेचाळीस डिग्रीत कुठली बॅटरी टिकणार?" यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते पटण्यासारखं वाटतं. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि ही कार्डं सर्व्हरमधल्या जोराच्या वाऱ्यासाठी केलेली असतात, घरच्या कॅबिनेटमध्ये तापतातच. पण माझ्या घरचा उन्हाळा माझ्या खरेदीच्या आधीच्या तारखांना कसा लागला? नोंदी दाखवल्या तेव्हा "टेस्टिंग वॉरंटी संपली" वर गाडी आली. वर दुसरं कार्ड घेऊन जा म्हणाला, वाढीव पैशांत! त्याला ठाऊक होतं की डिस्कवरची मांडणी कार्डाच्या पद्धतीची असते. डिस्क साध्या जोडणीत लावल्या तर विंडोजला तो व्हॉल्यूम दिसत नाही, त्याच घराण्यातलं कार्ड लागतं.

तर जुनं कार्ड घ्यायचंच असेल तर दुकानातच मशीन सुरू करायला लावा. या पिढीच्या कार्डांत सुरुवातीला कंट्रोल आणि एच दाबलं की वेबबायोस, म्हणजे कार्डाच्या सेटिंगचा पडदा, उघडतं. तिथे बॅटरीची अवस्था बघा. राइट पॉलिसी 'राइट-बॅक विथ बीबीयू' (बीबीयू म्हणजे कार्डावरची बॅटरी; ती ठीक असेल तरच राइट-बॅक) करून मगच कॉपीचा वेग मोजायला सांगा; बॅटरी मेलेली असेल तर वेग तिथल्या तिथे बसतो. घटनांची नोंद मागा. स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे असतील तर ते कार्ड आधी कुठेतरी बसलेलं आहे. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं 'कॉम्प्युटर पार्ट' होतं, पण व्हॉट्सअॅपवर त्याने स्वतःच कार्डाचा फोटो टाकून 'न्यू, विथ बॅटरी' लिहिलं होतं. तेच आता कामाला येतंय.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तिथे तड लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही असं दुकानदाराने मला ऐकवलं. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सूट आहे, ते कलम छापून तक्रारीला जोडलं आहे.