स्टीलचं प्रीफॅब घर बारा महिने सुसह्य राहील? पफ पॅनेल आणि एलजीएस सांगाडा यांची तुलना

स्टीलचं प्रीफॅब घर घ्यायचं म्हटलं की पहिली शंका एकच असते: उन्हाळ्यात आत भट्टी होईल का, आणि थंडीत कुडकुडावं लागेल का? विक्रेत्याचं उत्तर बहुतेक वेळा "पफ आहे, काळजी करू नका" एवढंच असतं. पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम, उष्णता अडवणारा फेस; तो चांगलाच आहे. पण त्याचा थर कुठे खंडित होतो, हे कोणी सांगत नाही, आणि घराची गरमी-थंडी तिथेच ठरते.

आकडेच बघा. उष्णता वाहून नेण्याची क्षमता (वॅट प्रति मीटर केल्विन) स्टीलची 50 च्या आसपास, लाकडाची 0.12 ते 0.15 आणि पफची 0.022 ते 0.028 असते. पत्रा किंवा चॅनेल बाहेरून आत सलग आला की तेवढ्या जागी इन्सुलेशन असून नसल्यासारखं होतं. याला थर्मल ब्रिज म्हणतात. पफ पॅनेलचं घर आणि एलजीएस (लाइट गेज स्टील, म्हणजे पातळ पत्र्याच्या खांबांचा सांगाडा) या दोन्ही पर्यायांत तो असतो, फक्त जागा वेगळ्या.

भिंती

पफ सँडविच पॅनेल म्हणजे दोन पातळ पत्रे आणि मध्ये फोमचा गाभा. 50 मिमी पॅनेलचा यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता जाते त्याचं माप; कमी तितका चांगला) 0.45 च्या आसपास येतो. नऊ इंची प्लास्टर केलेल्या विटेच्या भिंतीचा साधारण 2. म्हणजे पॅनेलमधून विटेच्या भिंतीच्या जेमतेम पाव हिश्श्याइतकी उष्णता जाते. गाभा सलग असल्यामुळे भिंतीच्या मधल्या भागाची चिंता नसते. चिंता असते ती कोपऱ्यातल्या फ्लॅशिंगची (सांधा झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीची), खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची आणि पॅनेल ज्या खालच्या चॅनेलमध्ये बसतं त्या पट्टीची.

एलजीएसमध्ये गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे सी आकाराचे खांब 400 किंवा 600 मिमीवर उभे असतात, मध्ये ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा थर), आतून जिप्सम बोर्ड, बाहेरून सिमेंट बोर्ड. कागदावर 90 मिमी ग्लासवूल 50 मिमी पफच्या तोडीचं दिसतं, पण प्रत्येक खांब हा थर्मल ब्रिज असतो. अमेरिकेच्या अ‍ॅश्रे 90.1 या मानकात साडेतीन इंची स्टील खांब 16 इंचांवर असलेल्या भिंतीत आर-13 चं (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप; जास्त तितकं चांगलं) इन्सुलेशन फक्त आर-6 इतकंच धरतात. निम्म्याहून जास्त गेलं! थंड प्रदेशात हे डोळ्यांनी दिसतं: काही काळाने जिप्समवर खांबांच्या जागी पुसट काळपट उभ्या रेघा उमटतात, कारण तिथला पृष्ठभाग थंड राहतो आणि धूळ नेमकी तिथेच चिकटते.

उपाय आहे. सांगाड्याच्या बाहेरून 25 ते 50 मिमीचा सलग इन्सुलेशन थर. तो असेल तर एलजीएस पॅनेलच्या बरोबरीला येतं, कधी पुढेही जातं. कोटेशनमध्ये तो नसेल तर निव्वळ उष्णतेच्या हिशेबात मी पॅनेललाच कौल देईन.

छत

भिंतीपेक्षा छतावर जास्त खर्च करा, पर्याय कोणताही असो. ऊन दिवसभर तिथेच पडतं. गडद पत्रा कडक उन्हात 70 अंशांच्या पुढे जातो. पांढरा रंग ऊन परतवतो आणि तापलेली उष्णता बाहेर सोडतोही. चकचकीत, बिनरंगाचा पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण उष्णता सहज सोडत नाही, म्हणून हाताला चटका देतो. भिंतीला 50 मिमी असेल तर छताला 75 ते 100 मिमी घ्या. छताच्या पन्हाळी पॅनेलची जाडी उंचवट्यावर मोजलेली की सखल भागात, हेही विचारा. खरी जाडी सखल भागातली. थर्माकोलचा गाभा स्वस्त पडतो, पण 80 अंशांच्या आसपास तो मऊ पडायला लागतो, म्हणून गडद छताखाली तो नकोच.

ओलावा

हवा 25 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असेल तर साधारण 17 अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागाला घाम फुटतो. पॅनेलचे पत्रे वाफ आत शिरू देत नाहीत; सांधे नीट सील असले की काम झालं. एलजीएसमध्ये वाफ अडवणारा पडदा लागतो आणि त्याची बाजू हवामानावर ठरते: थंड प्रदेशात आतल्या बाजूला, दमट-उष्ण प्रदेशात एसी चालणाऱ्या घरात बाहेरच्या बाजूला. बाजू चुकली की ग्लासवूल आतल्या आत भिजतं आणि मग त्याचा उपयोग उरत नाही. म्हणून दमट हवेत पॅनेल, हे माझं स्पष्ट मत.

वजन

अर्धा मिमी पत्र्याचं वजन चौरस मीटरला सुमारे 4 किलो, नऊ इंची विटेच्या भिंतीचं 400 च्या घरात. त्यामुळे पत्र्याचं घर उष्णता किंवा गारवा साठवून ठेवत नाही. अधूनमधून वापरायच्या घराला हे सोयीचं, एसी किंवा हीटर लावला की खोली पटकन हवी तशी गार किंवा गरम होते. दिवसा रणरण आणि रात्री गारवा असलेल्या कोरड्या प्रदेशात कायम राहायचं असेल तर मात्र काँक्रीटची जमीन, वर फरशी आणि दुहेरी जिप्सम लावलेलं, बाहेरून सलग थर दिलेलं एलजीएस चांगलं. रात्री खिडक्या उघडून जमीन गार करा, सकाळी बंद करा.

आग

पफ पेटला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सुटतात. रॉकवूल (दगडापासून केलेल्या तंतूंचं इन्सुलेशन) पेटत नाही, पण तेवढाच परिणाम मिळवायला जाडी दीडपटीहून जास्त लागते. स्वयंपाकघराच्या भिंतीला तरी रॉकवूल घ्या; तिथे मी तडजोड करणार नाही.

एसी

चांगलं इन्सुलेशन असलेल्या घरात मोठा एसी बसवू नका. खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो, हवेतला ओलावा तसाच राहतो आणि 24 अंशांतही चिकचिक जाणवते. भार मोजून घेतलेला लहान इन्व्हर्टर एसी, आणि बाथरूम-स्वयंपाकघरात एक्झॉस्ट, एवढं दोन्ही प्रकारच्या घरांना लागतं.