लुकलुकता इशारा-दिवा: दुरुस्ती की एलईडी?

नाशिकच्या खोदलेल्या रस्त्यावर किंवा कसारा घाटाच्या धुक्यात ६ व्होल्टचा पिवळा दिवा बंद पडला, तर आधी बॅटरीच्या स्प्रिंगा बघा. गंज पॉलिश पेपरने घासला की बऱ्याचदा तेवढ्यावर भागते. लुकलुकण्याची लय बिघडली असेल तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर (वीज साठवून ती लय ठरवणारा भाग) संशय घ्या. तेवढ्याच क्षमतेचा बसवा, धन-ऋण टोके सांभाळून. दुरुस्ती स्वस्त, पण बल्ब बॅटरी खातोच.

एलईडीला कमी करंट लागतो. दोन पिवळ्या एलईडी आणि १०० ओहमचा रेझिस्टर एकसर (एकामागे एक) जोडा: साधारण १८ मिलिअँपिअर. अशा तीन-चार माळा समांतर. पांढऱ्या नकोत, पिवळे झाकण त्यांचा बराच उजेड गिळते. अरुंद कोनाच्या घेतल्या तर बाजूने दिवा दिसतच नाही! लुकलुकण्याची करामत बल्बमध्येच असेल, तर फ्लॅशर सर्किट वेगळे लागेल.