गिअरला झटके: ऑइल, व्हॉल्व्ह बॉडी, ओव्हरहॉल की कुर्ल्याचा जुना बॉक्स?

दहा-बारा वर्षांची डिझेल ऑटोमॅटिक दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना धक्का देऊ लागली की मुंबईत सल्ले भराभर मिळतात. कोणी म्हणतं ऑइल बदला. कोणी म्हणतं गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त, करावाच लागेल. कोणी थेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना बॉक्स आणायला निघतं. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीसाठी बरोबर असतो. तुमच्या गाडीसाठी कोणता, हे झटका कधी बसतो यावर ठरतं, आणि ते मेकॅनिकपेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक असतं.

म्हणून आधी आठवडाभर लिहून ठेवा: इंजिन थंड होतं की तापलेलं, कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना, वेग किती, पाय हलका होता की दाबलेला.

सकाळी पहिल्यांदा डी लावल्यावर गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नसेल आणि तापल्यावर ठीक चालत असेल, तर ऑइलची पातळी कमी असेल किंवा आतली रबरी सिलं कडक झाली असतील. उलट सकाळी लोण्यासारखी चालणारी गाडी सायनच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रांगल्यावर बिघडत असेल, तर तापून पातळ झालेलं ऑइल व्हॉल्व्ह बॉडीतल्या (ऑइलचा दाब हव्या त्या गिअरकडे वळवणारा भाग) झिजलेल्या जागांतून गळून दाब पडत असावा. गिअर बदलताना रेस उगाच वर जाते आणि मग गिअर पकडतो, हे लक्षण मी सगळ्यात गंभीर मानतो. तिथे क्लच प्लेटा घसरतात, आणि अशा प्रत्येक घसरणीत त्या आणखी जळतात. ईस्टर्न फ्रीवेवर साठ-सत्तरच्या वेगात हलक्या पायाने जाताना रंबलरवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि बॉक्स यांना ऑइलमधून जोडणारा भाग) लॉक-अप क्लचवर जातो. त्यात योग्य ऑइल बदलून गुण येण्याची शक्यता चांगली असते. गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकते आणि बंद करून चालू केली की सुधारते, तेव्हा दोष बहुधा विजेचा असतो: सेन्सर, कनेक्टर, अर्थिंग, नाहीतर कमजोर बॅटरी.

आणि काही झटके गिअरबॉक्सचे नसतातच. माझ्या 2012 च्या सेदानला एका वर्कशॉपने न उतरवताच ओव्हरहॉलचं एस्टिमेट दिलं होतं. रिव्हर्स टाकताना धपकन आवाज येई, पहिल्या-दुसऱ्यात हिसका बसे. मुलुंडच्या एका वयस्कर मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, मला ब्रेक घट्ट दाबून डी-आर-डी करायला लावलं आणि बाजूला उभं राहून पाहिलं. इंजिन अक्षरशः उचलून आपटत होतं. फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार, फाटलं होतं. डिझेल इंजिनाची थरथर जास्त, त्यामुळे फाउंडेशनं लवकर जातात. ते बदललं आणि हिसका गेला. टर्बोचा होज पाइप चिरला असला तरी असंच फसायला होतं: ओढ कमी पडते, आपण पाय जास्त दाबतो, गिअर उशिरा आणि जोरात पडतो, आणि नाव मात्र गिअरबॉक्सचं होतं.

आता पर्यायांकडे. ऑइल बदलणं सगळ्यात स्वस्त, काही हजारांत होतं. पण ते जळकं, काळं नसेल तरच त्यातून आशा धरा. प्लेटांचं झिजलेलं अस्तर नव्या ऑइलने परत येत नाही. चेंबर, म्हणजे बॉक्सच्या तळाचा ऑइलचा ट्रे, उघडला की त्यातलं मॅग्नेट स्वतः बघा. बारीक राखाडी लगदा चालतो, चमकणारे तुकडे नकोत. साध्या निचऱ्यात निम्म्याच्या आसपासच ऑइल निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडं चालवून दोन-तीनदा बदलावं. मशीनने दाबाखाली फ्लश जुन्या बॉक्सला मी करू देणार नाही. ग्रेड पुस्तिकेत लिहिलेलाच घ्या. ‘सगळ्यांना चालतं’ असं सांगून दिलेल्या ऑइलने नवी थरथर सुरू होऊ शकते. सहा गिअरच्या, ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचच्या डीएसजीला, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिकला, 60,000 किलोमीटरला ऑइल बदलणं ठरलेलंच आहे. जुनी घेतली असेल तर ते झालंय का, बिल मागा.

पावसाळ्यात गाडी हिंदमाताला किंवा मिलन सबवेत पाण्यात गेली असेल, तर ऑइल तातडीने तपासा. ब्रीदरमधून, म्हणजे बॉक्सच्या हवेच्या नळीतून, पाणी आत गेलं की लाल ऑइल रोझ मिल्कसारखं गुलाबी दिसतं. प्लेटांचं अस्तर चिकटवलेलं असतं, आणि पाण्याने ते सुटतं. रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट मिसळलं तरी तेच होतं. तेव्हा ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणं महागात पडतं.

तापल्यावरचाच त्रास आणि ऑइल स्वच्छ, अशा गाडीला व्हॉल्व्ह बॉडी आणि तिच्यातल्या सोलेनॉइडची (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) दुरुस्ती मला सर्वात शहाणपणाची वाटते. बहुतेक गाड्यांत पूर्ण बॉक्स न उतरवता हे जमतं. अट एकच: मेकॅनिककडे तुमच्या मेकचा स्कॅनर हवा. मोबाइलला जोडायचा स्वस्त रीडर अनेकदा फक्त इंजिनाचे कोड वाचतो, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर त्याला दिसतच नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा उपयोग मी इथे मानतो. तिथे स्कॅन आणि निदानाचे पैसे भरून छापील रिपोर्ट घ्या, मग काम कुठे करायचं ते ठरवा. तिथे पुष्कळदा आतला भाग दुरुस्त करण्यापेक्षा अख्खं युनिट बदलायला सांगतात, आणि जुन्या गाडीला तो हिशोब सहसा झेपत नाही.

रेस वर जात असेल, मॅग्नेटवर तुकडे असतील, तर खरी निवड ओव्हरहॉल आणि जुना बॉक्स यांच्यात. ओव्हरहॉलचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो आणि गाडी काही आठवडे अडकते, पण आत काय बदललं ते तुम्हाला कळतं. प्लेटा, सिलं, कन्व्हर्टर यांची लेखी यादी आणि जुने भाग परत मागा. कुर्ल्याचा बॉक्स पटकन बसतो आणि स्वस्तही पडतो, फक्त तो कुठल्या गाडीतून निघाला हे दुकानदारालाही सांगता येत नाही. आपल्याकडे पुरातल्या गाड्याही सुटे भाग होऊन विकल्या जातात. घ्यायचाच तर बॉक्सवरचा कोड जुन्याशी तंतोतंत जुळवा, चेंबर दुकानातच उघडून बघा, आणि बसवण्याआधी कूलर आणि त्याचे पाइप धुऊन किंवा बदलून घ्या. जुन्या बॉक्सचा चुरा तिथेच बसलेला असतो, तो नव्यालाही खातो.

माझा कल ओव्हरहॉलकडे आहे, पण गाडीचं वय मोजून. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे फिटनेस करून, हरित कर भरून 5 वर्षांचं नूतनीकरण मिळतं. तेरा वर्षांच्या गाडीचं इंजिन निरोगी असेल आणि नूतनीकरण करायचं पक्कं असेल, तर ओव्हरहॉलचे पैसे सात वर्षांवर वाटले जातात. दोन वर्षांत विकायची असेल, तर व्हॉल्व्ह बॉडीच्या पलीकडे मी एक रुपया घालणार नाही, आणि घेणाऱ्याला झटका कधी बसतो ते सांगूनच विकेन.