पहिला आरसी मॉन्स्टर ट्रक: ब्रश्ड टू-व्हील ड्राइव्ह की ब्रशलेस फोर-व्हील ड्राइव्ह?

मराठवाड्यात राहून हॉबी-ग्रेडचा, म्हणजे सुटे भाग बदलून दुरुस्त करता येणारा, पहिला आरसी (रिमोटवर चालणारा) मॉन्स्टर ट्रक घेण्याचा विचार करणाऱ्यापुढे शेवटी दोनच पर्याय गांभीर्याने उरतात. पहिला पर्याय म्हणजे 1/10 आकाराचा (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढा), ब्रश्ड मोटरचा आणि फक्त मागच्या दोन चाकांना ताकद देणारा ट्रक. ट्रॅक्सस कंपनीचा मूळ स्टॅम्पीड हे या वर्गाचे ठळक उदाहरण आहे. दुसरा पर्याय म्हणजे त्याच आकाराचा, पण ब्रशलेस मोटरचा आणि चारही चाकांना ताकद देणारा ट्रक. अर्मा कंपनीच्या ग्रॅनाइटची 3एस बीएलएक्स आवृत्ती या वर्गात मोडते. नायट्रो इंधनावर चालणारे ट्रक मी या तुलनेत धरलेले नाहीत, कारण ज्वलनशील इंधन सतत मागवत राहण्याचा व्याप पहिल्या ट्रकसाठी कोणी डोक्यावर घेऊ नये. 1/16 किंवा 1/18 आकाराचे स्वस्त चिनी ट्रक गच्चीवर, सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या मैदानावर मजेत पळतात. मात्र नांगरलेल्या रानात ढेकळांमध्ये त्यांचे पोट टेकते आणि चाके नुसती फिरत राहतात.

या दोन ट्रकांची तुलना बहुतेक जण वेगावरून करतात, आणि माझ्या मते तिथेच गल्लत होते. मॉन्स्टर ट्रक उड्या मारण्यासाठी आणि आपटण्यासाठी घेतला जातो, त्यामुळे तो मोडणार हे धरूनच चालावे. कोणता भाग आधी मोडतो, तो बदलण्यासाठी किती गाडी उघडावी लागते आणि तो भाग आपल्या गावापर्यंत किती दिवसांत पोहोचतो, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगाच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. हॉबी-ग्रेडचे सुटे भाग आपल्याकडे बहुतेक वेळा पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूहून कुरिअरने येतात, आणि भाग परदेशातूनच मागवावा लागला तर ट्रक कित्येक आठवडे कपाटावर बसून राहतो. शिवाय आयातीचा खर्चही थोडाथोडका नाही. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून एकदम 60 टक्क्यांवर नेण्यात आले होते.

मोटर आणि ताकद

ब्रश्ड मोटरमध्ये कार्बनचे दोन ब्रश फिरत्या कम्युटेटरवर घासत वीज पोहोचवतात. ब्रश झिजतात, कम्युटेटर काळा पडतो, आणि कालांतराने मोटरची ताकद हळूहळू उतरते. मग अख्खी मोटर बदलायची, जी तुलनेने स्वस्त असते. ब्रशलेस मोटरमध्ये घासणारे काही नसतेच, त्यामुळे देखभाल म्हणजे मुख्यतः बेअरिंग बदलणे. मात्र तिला चालवणारा ईएससी, म्हणजे वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, अधिक गुंतागुंतीचा आणि महाग असतो, आणि तो जळाला तर एका फटक्यात मोठा खर्च निघतो.

ताकदीतील फरक आकड्यांतून स्पष्ट होतो. ब्रशलेस मोटरवर लिहिलेला केव्ही हा आकडा दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे हे सांगतो. 3200 केव्हीच्या मोटरला 11.1 व्होल्टची 3एस, म्हणजे तीन सेलची, बॅटरी जोडली, तर भार नसताना ती मिनिटाला सुमारे 35,500 फेरे घेऊ शकते, 7.4 व्होल्टच्या 2एस बॅटरीवर हाच आकडा सुमारे 23,700 होतो. म्हणजे एकाच ट्रकमध्ये फक्त बॅटरी बदलून त्याचा स्वभाव बदलता येतो, आणि ब्रशलेसच्या बाजूने हा मुद्दा खरोखर मोलाचा आहे. घरात दहा-बारा वर्षांचे मूल चालवणार असेल, तर पहिले काही महिने 2एसवरच चालवावे. स्टॅम्पीडच्या एक्सएल-5 ईएससीमध्येही थ्रॉटल, म्हणजे मोटरला मिळणारी ताकद, निम्म्यावर आणणारा ट्रेनिंग मोड आहे, त्यामुळे या एका बाबतीत दोन्ही ट्रक पालकांना सोयीचे आहेत.

कोणत्या रानात चालवणार?

मुरमाड माळरान, दगडी खाणीजवळचे उंचवटे, गोदावरीच्या पात्रातील कोरडी वाळू आणि काढणीनंतरची काळी शेते ही आपल्याकडची खरी मैदाने. मुरमावर टू-व्हील ड्राइव्ह ट्रक फार खुलतो. मागचा भाग घसरतो, वळणावर धुरळा उडतो, आणि मोटरचे वजन मागे असल्यामुळे थ्रॉटल दाबताच पुढची चाके उचलली जातात. मात्र वाळूत आणि ढेकळांत तो रुततो. तिथे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक सरळ निघून जातो, आणि उडी मारताना हवेत त्याचे नाक वर-खाली करणेही सोपे पडते, कारण थ्रॉटल किंवा ब्रेकचा परिणाम चारही चाकांतून मिळतो.

काळी माती ओली असेल तेव्हा दोन्ही ट्रक घरीच ठेवलेले बरे. चिखल टायरला थरावर थर चिकटत जातो, चाक जड होते, आणि तेवढे वजन फिरवता फिरवता मोटर तापते. गाडी वॉटरप्रूफ असल्याची जाहिरात असली, तरी तिचा अर्थ इलेक्ट्रॉनिक्स पाण्याने लगेच बिघडणार नाही इतकाच असतो; बेअरिंगमध्ये शिरलेला गाळ दोन दिवसांत त्यांना खडखडीत करतो. तुरीची धसकटे हा आणखी एक शत्रू आहे. कापणीनंतर तिरपी उभी राहिलेली कडक धसकटे ए-आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा हात) आणि चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, यांच्या मध्ये अडकतात आणि पळत्या ट्रकला जागच्या जागी थांबवतात. संक्रांतीच्या आसपास तुटलेला मांजा चाकाच्या ॲक्सलभोवती इतका घट्ट गुंडाळला जातो, की चाक काढून, ब्लेडने एकेक वेढा कापून तो सोडवावा लागतो. तो तसाच राहू दिला तर बेअरिंगचे सील फाटते. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये फिरणारे ॲक्सल चार असतात, तेव्हा हे काम दुप्पट होते.

काय मोडते आणि कसे

टू-व्हील ड्राइव्हच्या ट्रकमध्ये पुढच्या बाजूला ताकद पोहोचवणारे काहीच नसते: ना डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच), ना ड्राइव्ह शाफ्ट (चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा). पुढचे चाक शेताच्या बांधावर आदळले की सहसा ए-आर्म, कॅस्टर ब्लॉक (ए-आर्मच्या टोकाचा, चाक धरणारा भाग) किंवा सर्व्होचे (चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरचे) दाते यांपैकी काहीतरी जाते. ए-आर्म बदलायचा तर चाक, शॉकचा स्क्रू आणि एक पिन एवढेच काढावे लागते. अर्ध्या तासाचे काम. ब्रश्ड मोटरची ताकद मर्यादित असल्यामुळे गिअरबॉक्सवर फारसा ताण येत नाही, आणि जो येतो तो स्लिपर क्लच थोडासा घसरून सहन करतो.

ब्रशलेस फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक एकंदरीत अधिक दणकट बांधलेला असतो, यात वाद नाही. पण त्याच्यातील बिघाडाचा प्रकार वेगळा आहे. तो जास्त वेगाने येऊन आदळतो, आणि पूर्ण थ्रॉटलवर चाके फिरत असताना जमिनीवर उतरला तर त्या क्षणी सगळा झटका ड्राइव्ह शाफ्ट आणि डिफरन्शियलच्या दात्यांवर जातो. डिफरन्शियलपर्यंत पोहोचायचे तर पुढचा किंवा मागचा सगळा जोड सोडवावा लागतो, आत सिलिकॉन तेल भरावे लागते आणि दाते शिमने (पातळ चकत्यांनी) नीट बसवावे लागतात. हे काम अवघड नसले तरी नवख्या माणसाचा अख्खा रविवार जातो. अतिवेगात टायर फुगून उंच होतात, रिमपासून सुटतात, आणि ते पुन्हा चिकटवण्याआधी रिम स्वच्छ घासून घ्यावी लागते. उडी मारताना जमिनीला टेकण्याआधी थ्रॉटल सोडण्याची सवय लागली, की यातील बरीच मोडतोड टळते.

दोन्ही ट्रकांना सारखाच लागू पडणारा एक भाग म्हणजे पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर गिअर (त्याला जुळणारा मोठा गिअर) यांतील अंतर. मोटर काढून पुन्हा बसवली की हे अंतर नव्याने लावावे लागते, आणि ते चुकले तर प्लॅस्टिकचा स्पर गिअर एका फेरीत दात गमावून बसतो. वहीच्या साध्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मधून घालावी, मोटर स्पर गिअरकडे दाबून स्क्रू आवळावेत आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर स्वच्छ घड्या उमटल्या, पण ती फाटली नाही, तर अंतर बरोबर आहे. मग मागचे चाक धरून स्पर गिअर किंचित हलवून पाहावा. अगदी केसभर खेळ जाणवला पाहिजे. स्पर गिअर पूर्ण गोल असतोच असे नाही, म्हणून हीच तपासणी त्याच्या तीन-चार वेगवेगळ्या जागी करावी.

अपग्रेडचे गणित

ब्रश्ड ट्रक स्वस्तात घ्यायचा आणि हळूहळू ब्रशलेस करायचा, हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो फारसा पटत नाही. टू-व्हील ड्राइव्हच्या चेसिसमध्ये जबर ब्रशलेस मोटर टाकली की आधी ट्रक सारखा मागे उलटू लागतो, मग प्लॅस्टिकचे ड्राइव्ह शाफ्ट पिळवटतात, ते पोलादी केले की ताण डिफरन्शियलवर जातो. असा कमजोर दुवा एकेक पाऊल आत सरकत राहतो आणि प्रत्येक पावलाला कुरिअरचा खर्च वेगळा. ईएससी, मोटर, शाफ्ट, लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि चार्जर यांची बेरीज केल्यावर, सुरुवातीलाच ब्रशलेस फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक का घेतला नाही, असा प्रश्न पडतो. तेव्हा ज्याला शेवटी ब्रशलेसच हवा आहे, त्याने मधला मुक्काम टाळावा.

याचा अर्थ ब्रश्ड ट्रकमध्ये काहीच सुधारू नये असा नाही. ज्या स्वस्त ट्रकांत बेअरिंगऐवजी बुश (साध्या नळीसारख्या कड्या) असतात, त्यांत पहिली सुधारणा बेअरिंगची करावी. 1/10 ट्रकांत सर्रास वापरले जाणारे 5 बाय 11 बाय 4 मिलिमीटरचे बेअरिंग एमआर115 या नावाने मिळते. वाळूज किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतींना माल पुरवणाऱ्या बेअरिंगच्या दुकानात चौकशी केली, तर हॉबीच्या पाकिटापेक्षा स्वस्तात काम होऊ शकते. त्यानंतर धातूच्या दात्यांचा सर्व्हो. आणि मग मोडेल तसे नायलॉनचे ए-आर्म.

ॲल्युमिनियमचे चकचकीत ए-आर्म मात्र पैसे असले तरी घेऊ नयेत. नायलॉनचा हात धक्क्याने वाकतो आणि परत सरळ होतो. आरपीएम ही अमेरिकन कंपनी तर तिच्या ए-आर्मवर मोडण्याविरुद्ध आजीवन हमी देते. ॲल्युमिनियम एकतर कायमचे वाकते, नाहीतर सगळा धक्का जसाच्या तसा पुढे बल्कहेडला (ए-आर्म जिथे बसतो त्या भागाला) पोहोचवते, आणि मग स्वस्त हाताऐवजी गाडीचा सांगाडाच उघडावा लागतो. स्टिअरिंगचे बेलक्रँक (सर्व्होची हालचाल चाकांकडे नेणारे तुकडे) किंवा मोटर माउंट यांसारख्या, वाकून चालत नाही अशा जागी ॲल्युमिनियम उपयोगी पडते. थ्रीडी प्रिंटिंग करून देणारे आता जिल्ह्याच्या ठिकाणीही भेटतात. पण पीएलए प्लॅस्टिक साधारण 60 अंशांना मऊ पडते, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद कारमध्ये तेवढी उष्णता सहज साठते, तेव्हा छापायचेच असेल तर निदान पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये छापावे.

ऊन आणि बॅटरी

मोटरच्या डब्याचे तापमान साधारण 80 अंशांच्या आत ठेवावे असा संकेत आहे. हिवाळ्यात 20 अंशांच्या हवेत मोटरला तापण्यासाठी 60 अंशांची मोकळीक असते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 40 च्या वर गेला की ती मोकळीक 40 अंशांच्या आत येते. म्हणून उन्हाळ्यात पिनियनचा एक-दोन दात कमी करावा, थोडा वेग सोडावा आणि सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना चालवावे. हे बंधन ब्रशलेस ट्रकला अधिक जाचते, कारण त्याच्याकडून 3एसचा वेग काढण्याचा मोह आवरत नाही.

ब्रश्ड ट्रकसोबत सहसा निकेल मेटल हायड्राइड बॅटरी येते. ती जड असते, तिची ताकद हळूहळू उतरते, पण हाताळणीतील चुका ती बऱ्यापैकी पोटात घालते. लायपोला बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) लागतो, दर सेल 4.2 व्होल्टच्या वर नेता येत नाही, आणि न वापरता ठेवायची तर दर सेल 3.8 व्होल्टच्या आसपास आणून ठेवावी लागते. 5000 एमएएचची बॅटरी 5 अँपिअरवर चार्ज करावी, आणि तीही डोळ्यांसमोर, फरशीवर, कापूस-कडब्यापासून दूर. चार्जर घेताना तो 12 व्होल्ट डीसीवर चालणारा आहे का ते पाहावे. वीज गेली तर गाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून काम भागते.

निवड

ज्याच्याकडे मुरमाचे मैदान आहे, जो पहिल्यांदाच ॲलन की हातात घेतो आहे आणि ज्याचा ट्रक मुलेही चालवणार आहेत, त्याने ब्रश्ड टू-व्हील ड्राइव्ह घ्यावा आणि तो ब्रश्डच ठेवावा. उरलेल्या पैशांत दुसरी बॅटरी, पुढचे दोन ए-आर्म आणि एक स्पर गिअर आधीच आणून ठेवावा. ज्याच्याकडे शेत आहे, वाळू आहे, लायपो शिस्तीने सांभाळण्याची तयारी आहे आणि ट्रकच्या किमतीखेरीज वर्षभराच्या मोडतोडीसाठी वेगळी रक्कम आहे, त्याने थेट ब्रशलेस फोर-व्हील ड्राइव्हकडे जावे. दोन मॉडेलांमध्ये अडकला असाल, तर ज्याचे ए-आर्म, स्पर गिअर आणि ड्राइव्ह शाफ्ट भारतात आज शिल्लक दिसत आहेत, ते मॉडेल निवडावे. मग ते कागदावर थोडे कमी वेगवान असले तरी चालेल.

वापरलेला ट्रक मिळत असेल, तर ब्रश्डच्या बाबतीत जोखीम कमी आहे, कारण त्यातील बहुतेक दुखणी डोळ्यांना दिसतात. ब्रशलेस फोर-व्हील ड्राइव्ह घेताना मात्र ट्रक उलटा करून एकेक चाक हाताने फिरवावे. कुठे कटकट आवाज आला किंवा चाक टप्प्याटप्प्याने अडकले, तर डिफरन्शियल उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावे. चाक आडवे हलवून बेअरिंगचा खेळ पाहावा, बॉडी काढून ईएससीच्या वायरा वितळलेल्या किंवा पुन्हा डाग दिलेल्या आहेत का ते तपासावे, आणि सोबत दिलेली लायपो थोडी जरी फुगलेली असली तरी ती न घेता तेवढे पैसे कमी करून घ्यावेत.