सॅम डॉट गव्ह: छोट्या सफाई व्यवसायाचा बावीस महिन्यांचा अनुभव

न्यू जर्सीत माझा कार्यालयांच्या साफसफाईचा व्यवसाय असून माझ्याकडे अकरा माणसे काम करतात. अमेरिकेच्या संघीय सरकारची कामे जिथे जाहीर होतात त्या सॅम डॉट गव्ह या संकेतस्थळावर मी फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणी केली. तेव्हापासून सात कामांसाठी दर भरले आणि त्यांतील एक काम मिळाले. इथे छोटा व्यवसाय चालवणारी बरीच मराठी मंडळी सरकारी काम आपल्या आवाक्यातले नाही असे मानून त्या वाटेला जात नाहीत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

नोंदणीला एक पैसाही लागत नाही. बारा अक्षरांकांचा एक ओळख क्रमांक आणि पाच अक्षरांकांचा केज कोड, म्हणजे सरकारी पुरवठादाराचा संकेतांक, मिळतो. जुन्या माहितीत डन्स या पूर्वीच्या ओळख क्रमांकाचा उल्लेख आढळतो, पण तो एप्रिल २०२२ मध्येच बंद झाला. माझी नोंदणी पाच आठवडे रखडली, कारण राज्याच्या दप्तरी व्यवसायाचा पत्ता बदलून घ्यायचे माझ्याकडून राहिले होते, आणि इथे नाव व पत्ता कागदपत्रांशी तंतोतंत जुळावे लागतात. नोंदणी झाल्यावर आठवडाभरातच एका खासगी कंपनीचा फोन आला आणि नोंदणी ‘कायम ठेवण्यासाठी’ सहाशे डॉलर मागण्यात आले. मी पैसे देण्याच्या बेतात होतो. दरवर्षी करायचे नूतनीकरणही मोफतच असते आणि ते आपण स्वतः करू शकतो, हे कृपया लक्षात ठेवावे. त्याची तारीख मात्र चुकवू नये, कारण दर भरताना आणि काम मिळताना नोंदणी चालू असावी लागते.

पहिले तीन महिने मी शोध चुकीच्या पद्धतीने घेतला. कामाची निविदा सूचना काढणारे कार्यालय न्यू जर्सीतले असावे असे धरून मी यादी गाळत होतो, तर प्रत्यक्षात आपल्या शेजारच्या काउंटीतील इमारतीच्या सफाईची सूचना दूरच्या राज्यातील खरेदी कार्यालयातूनही निघू शकते. कामाच्या जागेवरून आणि ५६१७२० या सफाई सेवांच्या वर्गीकरण क्रमांकावरून शोध जतन केला, तेव्हा उपयोगाच्या सूचना ईमेलने येऊ लागल्या. माझी माणसे पाऊण तासात पोहोचू शकतील त्यापलीकडचे काम बघायचेच नाही, असे मी तेव्हा ठरवले. माझ्या मते छोट्या व्यवसायाने घ्यावा असा हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, कारण जागा आधी पाहता येते, फरशी कोणती आणि स्वच्छतागृहे किती हे कळते, आणि दर अंदाजाने नव्हे तर हिशेबाने भरता येतो.

सफाई सेवांमध्ये सरासरी वार्षिक उलाढाल २ कोटी २० लाख डॉलरपर्यंत असेल तर व्यवसाय ‘छोटा’ मानला जातो, त्यामुळे ‘छोटा’ म्हणून आपल्याशी स्पर्धा करणारे बरेच मोठे असू शकतात. तरीही राखीव कामांचा नियम खरोखर उपयोगी आहे. १०,००० ते २,५०,००० डॉलरपर्यंतचे काम, दोन किंवा अधिक सक्षम छोटे व्यवसाय रास्त दर देतील अशी अपेक्षा असल्यास, त्यांच्यासाठीच राखून ठेवले जाई. १ ऑक्टोबर २०२५ पासून या मर्यादा १५,००० आणि ३,५०,००० डॉलर झाल्या आहेत. वंचित मालकांच्या छोट्या व्यवसायांना सरकारी कामे मिळण्यास मदत करणाऱ्या आठ-अ योजनेत भारतीय उपखंडातून आलेल्यांना सामाजिकदृष्ट्या वंचित मानण्याचे जे गृहीतक होते, ते जुलै २०२३ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाच्या निकालानंतर उरले नाही. त्या आशेवर कोणी बेत आखू नये.

माझे पहिले दोन दर केवळ अज्ञानापोटी चुकले. सूचनेला जोडलेले वेतननिश्चितीचे पत्रक मी वाचलेच नव्हते. १९६५ च्या सेवा कंत्राट कायद्यानुसार २,५०० डॉलरवरील सेवा कामांत त्या भागासाठी ठरवलेले किमान वेतन, त्यावर आरोग्य व कल्याणासाठी दर तासाची वेगळी रक्कम, शिवाय रजा आणि सुट्ट्या द्याव्या लागतात. खासगी ग्राहकांच्या कामावर मी जे वेतन देतो त्यावरून मी दर काढले होते, आणि ती कामे मिळाली असती तर मला दर महिन्याला पदरचे पैसे घालावे लागले असते. छोट्या व्यवसायांना सरकारी कंत्राटांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या, आमच्या भागातील एपेक्स अ‍ॅक्सिलरेटर केंद्राच्या सल्लागार बाईंनी विनामूल्य दोन तास बसून हा हिशेब शिकवला. त्याच कामाचे आधीचे कंत्राट किती रकमेला गेले होते हे यूएसए स्पेंडिंग या सरकारी खर्चाच्या संकेतस्थळावर कसे शोधावे, हेही त्यांनीच दाखवले. ही माहिती सर्वांसाठी खुली आहे आणि दर भरण्यापूर्वी ती न पाहणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. पत्रकातील वेतन पुढील वर्षी वाढले तर वाढीव दराची मागणी नवे पत्रक मिळाल्यापासून तीस दिवसांत करावी लागते. मी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवतो.

सरकारचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सूचनांचा ओघ वाढतो. सप्टेंबर २०२४ मध्ये, चौथ्या प्रयत्नात, मला एका छोट्या कार्यालयाचे दोन मजले मिळाले: वर्षाला ७८,००० डॉलर, एक वर्ष पक्के आणि पुढची चार वर्षे सरकारच्या इच्छेवर. योग्य बिल दिल्यावर तीस दिवसांत पैसे मिळावेत आणि उशीर झाल्यास व्याज द्यावे, असा कायदा आहे. माझी बिले बहुतेक वेळा त्याआधीच चुकती झाली. खासगी ग्राहकांच्या मागे साठ-साठ दिवस लागलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात सरकारी निधी थांबला तेव्हा ते कार्यालयही ४३ दिवस बंद राहिले. सरकारी कर्मचाऱ्यांना बुडालेला पगार नंतर देण्याची कायद्यात तरतूद आहे. कंत्राटदाराच्या माणसांसाठी तशी तरतूद नाही. तिथे काम करणाऱ्या माझ्या तिघांना मी खासगी इमारतींच्या पाळ्यांत सामावून घेतले, परंतु एकाचे तास निम्म्यावर आले आणि ती भरपाई मी व्यवसायाच्या शिल्लकीतून केली. तेव्हापासून एकूण उलाढालीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक काम संघीय सरकारकडून घ्यायचे नाही, असा नियम मी घालून घेतला आहे. त्या मर्यादेत अजून एका कामाला जागा आहे, आणि शेजारच्या काउंटीतील एका इमारतीची पाहणी येत्या मंगळवारी आहे.