टोकन देण्यापूर्वी ई-सर्च: मुलुंडच्या जुन्या फ्लॅटच्या निमित्ताने

मुंबईच्या उपनगरात पुनर्विक्रीचा फ्लॅट घेणाऱ्या माणसाला त्या घराचा इतिहास बहुधा दलालाच्या तोंडून कळतो, आणि तो व्यवहार जुळण्यापुरताच सांगितलेला असतो. म्हणूनच राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची विनाशुल्क ई-सर्च ही ऑनलाइन सेवा मला फार मोलाची वाटते. मुंबईतील 1985 पासूनचे आणि उर्वरित महाराष्ट्रातील 2002 पासूनचे नोंदणीकृत दस्त तिथे शोधता येतात. 1908 च्या नोंदणी अधिनियमाने स्थावर मिळकतीच्या सूची पाहण्याचा हक्क सर्वांनाच दिलेला आहे. त्यासाठी आता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत, हे या सेवेचे खरे यश आहे.

शोध मात्र चिकाटीने घ्यावा लागतो. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक भरून एकेक वर्ष तपासावे लागते, आणि जुन्या दस्तांत एकाच इमारतीचा उल्लेख कुठे सिटी सर्व्हे क्रमांकाने, तर कुठे प्लॉट क्रमांकाने केलेला आढळतो. त्यामुळे एका क्रमांकावर काही निघाले नाही, एवढ्यावरून व्यवहारच झाला नाही असे मानू नये.

हाती येते ती सूची क्रमांक दोन, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातली इंडेक्स टू. एका पानाचा हा कागद सावकाश वाचण्यासारखा असतो. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, लिहून देणारा आणि लिहून घेणारा, दस्त करून दिल्याचा व नोंदणीचा दिनांक, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क हे सारे त्यात असते. विक्रेत्याने घर कधी आणि किती मोबदल्यात घेतले हे त्यावरून समजते. मध्येच बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र दिसले, तर घर वारसाहक्काच्या वाटेने आलेले असू शकते, आणि सर्व वारसांनी सह्या केल्या आहेत का, हे वकिलाकडून तपासून घेणे आवश्यक ठरते. लिव्ह अँड लायसन्सचे नोंदणीकृत करारही याच सूचीत येत असल्याने त्या इमारतीत प्रत्यक्ष किती भाडे मिळते, याचाही अंदाज येतो. विक्रीच्या जाहिरातीतील आकड्यांपेक्षा मी या आकड्यांवर अधिक विश्वास ठेवीन.

क्षेत्रफळाच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. 46.45 चौरस मीटर म्हणजे 500 चौरस फूट. परंतु ते कार्पेट (भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्र) आहे की बिल्ट-अप (भिंती धरून येणारे), हे जुन्या नोंदींत नेहमीच स्पष्ट नसते. ते बिल्ट-अप असेल आणि बिल्ट-अप म्हणजे कार्पेटच्या 1.2 पट हा जुना हिशोब धरला, तर कार्पेट क्षेत्र 417 चौरस फुटांच्या आसपास येते. मुलुंडसारख्या ठिकाणी एवढ्या फरकाने किमतीत लाखो रुपयांचा फरक पडतो. अशा वेळी मूळ कराराची प्रत मागावी आणि घर टेपने मोजून घ्यावे.

परिसराबद्दल मात्र ही सेवा काहीच सांगत नाही. मुलुंड पूर्वेला मिठागर रस्त्याकडचे घर आणि हरिओम नगरातले घर सूचीत केवळ क्रमांकाने वेगळे दिसते. हरिओम नगराजवळची कचराभूमी 2018 मध्ये बंद झाली, तिथल्या रहिवाशांना जाचणारा मुंबईच्या वेशीवरचा टोल हलक्या वाहनांसाठी ऑक्टोबर 2024 मध्ये माफ झाला, या दोन्ही गोष्टींचा तिथल्या राहणीमानाशी थेट संबंध आहे. त्या जाणून घ्यायच्या तर सकाळ-संध्याकाळ तिथे फिरूनच यावे लागते. शेजारच्या मोकळ्या जागेवर रस्त्याचे वा शाळेचे आरक्षण आहे का, हे महापालिकेच्या विकास आराखडा 2034 मध्ये पाहावे.

फ्लॅटच्या विक्रीची साखळी पूर्ण असूनही जमीन सोसायटीच्या नावावर नसू शकते, ही या शोधाची आणखी एक मर्यादा आहे. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) अजून बिल्डरचे किंवा मूळ जमीनमालकाचेच नाव असेल, तर अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करणे) झालेले नाही असे समजून सोसायटीकडे चौकशी करावी, कारण पुनर्विकासाचा प्रश्न निघाला की पहिली अडचण तिथेच येते. 1985 पूर्वीच्या इमारतीसाठी जुन्या नोंदींचा शोध अनुभवी वकिलाकडून प्रत्यक्ष कार्यालयात घ्यावा, आणि बँकेला लागणारा शोध अहवालही त्याच्याकडूनच तयार करून घ्यावा.