मनात आले, तोच गुन्हा : 'रँडम थॉट्स'

'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या अंतराळविषयक अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या चौथ्या पर्वातील 'रँडम थॉट्स' हा दहावा भाग नोव्हेंबर १९९७ मध्ये पहिल्यांदा प्रसारित झाला. केनेथ बिलर यांनी लिहिलेला आणि अलेक्झांडर सिंगर यांनी दिग्दर्शित केलेला हा जेमतेम पाऊण तासाचा भाग नुकताच पुन्हा पाहिला, आणि पूर्वी जो मला केवळ एक चतुर रहस्यकथा वाटला होता, तो या वेळी बराच अस्वस्थ करून गेला.

घरापासून फार दूर भरकटलेले व्हॉयेजर हे यान मारी लोकांच्या ग्रहावर थांबते. मारी हे मनकवडे लोक असून त्यांनी हिंसाच नव्हे, तर हिंसेचा विचारही कायद्याने गुन्हा ठरवलेला आहे. यानाची मुख्य अभियंता बेलाना टॉरेस ही अर्धी क्लिंगॉन, म्हणजे एका लढवय्या परग्रही वंशाची आणि मुळात तापट. बाजारात फ्रेन नावाच्या माणसाचा तिला जोरात धक्का लागतो, क्षणभर त्याला इजा करण्याचा विचार तिच्या मनात चमकून जातो आणि ती लगेच स्वतःला आवरते. या प्रसंगाला काही क्षणही लागत नाहीत. त्यानंतर थोड्याच वेळात तोच फ्रेन दुसऱ्या एका माणसाला बेदम मारतो, आणि तपासाअंती अटक होते ती टॉरेसला, कारण फ्रेनच्या डोक्यात शिरलेला तो विचार मूळचा तिचा असतो. शिक्षा म्हणून तिच्या मेंदूतून ती प्रतिमा पुसून टाकायची आहे, आणि ही प्रक्रिया मारी लोकांसाठी बेतलेली असल्यामुळे टॉरेसच्या मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका आहे.

विचाराबद्दल कोणालाही शिक्षा होऊ नये, हे तत्त्व रोमन कायद्याइतके जुने आहे, आणि एखाद्या सामान्य लेखकाने त्याच तत्त्वाचा झेंडा फडकावून मारी लोकांना मूर्ख ठरवले असते. बिलर यांनी तसे केलेले नाही. या ग्रहावर विचार खरोखरच संसर्गजन्य आहे. एकाच्या मनातली ठिणगी दुसऱ्याच्या मनात पडते आणि तिथे आग लागते. त्यामुळे मुख्य तपास अधिकारी निमिरा जेव्हा शांतपणे सांगते की या कायद्यामुळे आमच्याकडचे गुन्हे जवळजवळ संपले आहेत, तेव्हा तिला चटकन उत्तर देता येत नाही. ग्विनिथ वॉल्श यांनी ही भूमिका आवाज न चढवता, एखाद्या सज्जन अधिकाऱ्यासारखी केली आहे. तिच्यात खलनायकीपणाचा लवलेश नसल्यामुळेच ती जास्त भीतिदायक वाटते.

कथेतील खरी खोच पुढे येते. बंदी आली की चोरटा व्यापार येतो, आणि इथे तो विचारांचाच आहे. गिल नावाचा सभ्य दिसणारा व्यापारी हिंसक प्रतिमा जमवतो आणि चटावलेल्या गिऱ्हाइकांना गुपचूप पुरवतो. टॉरेसला धक्का लागणे हाही योगायोग नव्हता, तो गिलनेच घडवून आणला होता. विचार दडपला की तो अधिक जोमाने वर येतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये एका साध्या प्रयोगातून दाखवले होते : पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल वारंवार येत राहिले. मारी समाज म्हणजे त्या प्रयोगाचे राष्ट्रव्यापी रूप आहे.

हा गुंता उलगडतो तो यानाचा सुरक्षा अधिकारी टुव्हॉक. ही निवड मला फार नेमकी वाटली, कारण भावनांवर ताबा ठेवणाऱ्या व्हल्कन या परग्रही वंशातल्या टुव्हॉकला सुरुवातीला मारी समाजाचे कौतुकच वाटत असते. गिलला मात्र त्याच्या त्या संयमाच्या तळाशी काय आहे, याचीच हाव असते. शेवटी टुव्हॉक त्याच्याशी मन जोडून तो तळ उघडा करतो, आणि आतापर्यंत चवीने हिंसा चाखणारा गिल त्या लोंढ्यापुढे कोलमडतो. टुव्हॉकची भूमिका करणाऱ्या टिम रस यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. आपल्याकडचे 'मन चिंती ते वैरी न चिंती' हे वचन इतक्या शब्दशः पडद्यावर क्वचितच उतरले असेल.

मात्र याच ठिकाणी लेखकाने पाय मागे घेतला, अशी माझी तक्रार आहे. सगळे खापर एका गिलवर फुटते, टॉरेस सुटते आणि कायद्याचा प्रश्न निमिराच्या चिंतेवर सोडून दिला जातो. गिल नसता आणि तो धक्का खरोखरच चुकून लागला असता, तर टॉरेस दोषी ठरली असती का? कथेने हा प्रश्न उभा केला आहे, पण उत्तराची वेळ येताच रहस्याची उकल पुढे करून तो टाळला आहे. यानावरील स्वयंपाकी नीलिक्सचे टॅली या मारी विक्रेतीकडे ओढले जाणेही उपरे वाटते. तिचा खून कथेला पुढे ढकलण्यापुरताच येतो आणि त्याचे दुःख कोणाला फारसे जाणवत नाही.

अखेरच्या प्रसंगात यानावरील सहकारी सेव्हन ऑफ नाइन यानाची कॅप्टन जेनवे हिला थेट विचारते की वाटेत भेटेल त्या समाजात डोकावून असले धोके का पत्करायचे. जेनवेचे उत्तर ठरावीक आहे, प्रश्न मात्र चोख आहे. मालिकेचे बाकीचे भाग पाहिले नसले तरी हा भाग स्वतंत्रपणे समजतो. फक्त टॉरेसचा स्वभाव आणि टुव्हॉकचा संयम आधी ठाऊक असेल, तर शेवटची दहा मिनिटे अधिक बोचतात.